कपाळ फसवतं, हात फसवतात : जुन्या फोटोतला रंग आणि फोकस



आज आपण माणसाच्या फोटोबद्दल बोलणार आहोत. एकटा माणूस, नवरा-बायको किंवा अख्खं कुटुंब नटूनथटून कॅमेऱ्यासमोर बसतं, तो फोटो. त्यातही दोनच गोष्टी घ्यायच्या आहेत, रंग आणि फोकस. ऐकायला हा विषय फोटोग्राफरांच्या शिबिरातला वाटतो. पण आम्ही तो इतिहासाच्या बाजूनं मांडणार आहोत आणि त्याला कारण आहे. सध्या घराघरांत एक काम चाललंय. भिंतीवरचे, पेटीतले जुने फोटो मोबाइलवर उतरवायचे, एखाद्या ॲपमध्ये टाकायचे, पणजीचा कृष्णधवल फोटो रंगीत करून घ्यायचा आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर पाठवायचा. सगळ्यांना आनंद होतो. मग मूळ फोटोची वाळवी लागलेली फ्रेम अडगळीत जाते, नाहीतर गोदावरीत.

हे सगळं आपण एका समजुतीवर करतो. फोटो म्हणजे जसं होतं तसं, ही ती समजूत. आमचं म्हणणं असं आहे की जुना फोटो खोटं बोलत नाही, पण त्याची भाषा आपल्या डोळ्यांची नाही. ती भाषा न शिकता आपण फोटो वाचला, तर आपल्याच सौभाग्यवती पणजीला आपण विधवा ठरवू शकतो. ही अतिशयोक्ती नाही. ते कसं होतं, तेच आज बघायचं आहे.

आपल्याकडं फोटो हैदराबादच्या वाटेनं आला

फोटोग्राफीची रीत पॅरिसमध्ये जाहीर झाली ती १८३९ साली. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. त्या वर्गातून तयार झालेले हरिश्चंद्र चिंतामण हे मुंबईत व्यावसायिक स्टुडिओ चालवणाऱ्या पहिल्या भारतीयांपैकी एक. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हेही त्या काळात फोटो काढत होते. मराठी माणसाचा फोटोग्राफीशी संबंध असा अगदी सुरुवातीपासूनचा आहे.

पण नांदेड, लातूर, परभणी, बीड हा आपला मुलूख मुंबईचा नव्हता, निजामाचा होता. सरकारी कागद उर्दूत, कचेरी हैदराबादची आणि मोठेपणाची कल्पनाही हैदराबादची. त्यामुळं फोटो काढून घेणं म्हणजे काय, कसं बसायचं, काय नेसायचं, हातात काय धरायचं, याचा नमुनाही तिकडचाच. आणि तिकडचा नमुना म्हणजे राजा दीनदयाळ.

दीनदयाळ मूळचे मेरठजवळच्या सरधन्याचे, जन्म १८४४ चा. रुरकीच्या थॉमसन कॉलेजात अभियांत्रिकी शिकले, इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला लागले आणि तिथंच १८७४ च्या सुमारास कॅमेरा हातात घेतला. पुढं सिकंदराबादला त्यांचा स्टुडिओ झाला. सहावा निजाम महबूब अली खान यानं त्यांना दरबारी फोटोग्राफर केलं आणि ‘मुसव्विर जंग’ हा किताब दिला. मुसव्विर म्हणजे चित्रकार. हा शब्द लक्षात ठेवा, कारण त्या काळी फोटोग्राफरकडं यंत्र चालवणारा म्हणून नाही, तर चित्र घडवणारा म्हणून बघत. १८९२ मध्ये त्यांनी हैदराबादेत खास स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ सुरू केला. पडद्यातल्या स्त्रियांचे फोटो तिथं एका इंग्रज बाईच्या देखरेखीखाली निघत. दीनदयाळ १९०५ मध्ये वारले. त्यांच्या स्टुडिओच्या अडीच हजारांहून जास्त काचेच्या निगेटिव्ह आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत.

१९०० च्या सुमारास हैदराबाद-मनमाड मीटरगेज रेल्वे झाली आणि नांदेड त्या मार्गावर आलं. १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वे लातूरला पोचली. रेल्वे आली की काच, कागद, रसायनं आणि स्टुडिओत टांगायचा रंगवलेला पडदा, हे सगळं लहान गावापर्यंत यायला लागतं. दरबारातली ती बैठक मग पाटलांच्या, देशमुखांच्या, व्यापाऱ्यांच्या वाड्यात आली आणि हळूहळू सगळ्यांकडं.

ज्या काचेला फक्त निळं दिसायचं

आता मुख्य मुद्द्याकडं येऊ. कृष्णधवल फोटो म्हणजे रंग काढून टाकलेलं जग, असं आपण समजतो. म्हणजे उजळ ते पांढरं आणि गडद ते काळं. आजच्या फिल्मबाबत, मोबाइलबाबत हे बऱ्यापैकी खरं आहे. पण एकोणिसाव्या शतकातल्या काचेच्या प्लेटबाबत अजिबात खरं नाही.

त्या प्लेटवर चांदीच्या क्षारांचा थर असायचा. त्या क्षारांवर परिणाम व्हायचा तो मुख्यतः निळ्या आणि जांभळ्या प्रकाशाचा. हिरव्याचा फार थोडा, आणि पिवळ्या, केशरी, लाल प्रकाशाचा जवळजवळ नाहीच. म्हणजे त्या काचेच्या दृष्टीनं निळी वस्तू ही उजेड होती आणि लाल वस्तू हा अंधार होता. म्हणूनच डार्करूममध्ये लाल दिवा चालायचा. प्लेटला तो दिसतच नव्हता.

हे आपल्या नांदेडच्या रंगांवर लावून बघा. इथं सचखंड हुजूर साहिब आहे, महाराजा रणजितसिंहांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधवून घेतलेला. गुरुद्वाऱ्याच्या परिसरात डोळ्यांत भरणारे दोन रंग कोणते? निहंगांचा निळा आणि निशाणाचा केशरी. उन्हात उभे राहिलो तर आपल्या डोळ्यांना केशरी उजळ दिसतो आणि गडद निळा त्याच्या शेजारी काळपट. जुन्या प्लेटवर बरोबर उलटं होतं. निळा चोला फिकट, कधी पांढरट दिसतो आणि केशरी पटका काळा पडतो. हे ज्याला माहीत नाही, तो अशा फोटोखाली ‘पांढऱ्या वेशातील’ असं लिहून मोकळा होतो.

आता हेच कुटुंबाच्या फोटोला लावू. कुंकू लाल, म्हणजे प्लेटवर काळं. इथपर्यंत ठीक आहे, काळं का होईना कुंकू दिसेल. पण गोष्ट इथं थांबत नाही. आपली सावळी, तपकिरी त्वचा निळा प्रकाश फार थोडा परत पाठवते. त्यामुळं चेहराही प्लेटवर होता त्यापेक्षा गडद उतरतो. काळवंडलेल्या कपाळावर काळं कुंकू. दोन्हींतला फरक इतका कमी होतो की छाप थोडी उडाली, कागद थोडा पिवळा पडला, की कुंकू नाहीसं होतं.

त्यात पणजीनं आकाशी रंगाचं लुगडं नेसलेलं असलं तर? ते पांढरं दिसणार. म्हणजे फोटोत काय उरलं? पांढरं लुगडं आणि रिकामं कपाळ. आपण काय म्हणतो? “पणजोबा आधी गेलेले दिसतात.” आणि कुटुंबाच्या इतिहासात एक मृत्यू दहा-पंधरा वर्षं मागं सरकतो.

उलटही होतं. ब्राह्मण घरांत केशवपन केलेल्या विधवा लाल आलवण नेसत. ते लाल आलवण प्लेटवर काळं दिसतं. आणि काळं लुगडं म्हणजे चंद्रकळा, जी सवाष्ण संक्रांतीला हौसेनं नेसते! बाईच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं दुःख सांगणारं वस्त्र आणि सगळ्यात हौसेचं वस्त्र, ही दोन्ही जुन्या काचेवर जवळजवळ एकाच रंगाची होतात. असा फोटो ॲपमध्ये टाकला तर ॲप काय करेल? ते आसपासच्या छटा बघून अंदाज लावतं. पांढऱ्याला पांढरं ठेवेल, काळ्याला काळं, नाहीतर एखादा ठोकळ रंग भरेल. आलवण काय आणि चंद्रकळा काय, त्याला ना त्यातलं दुःख कळतं ना हौस.

हळदीचंही तसंच. हळद लावलेली नवरी मांडवात सोन्यासारखी उजळते, पण पिवळा रंग त्या प्लेटला दिसत नव्हता. म्हणून हळदीच्या अंगानं काढलेल्या फोटोत तीच नवरी काळवंडलेली दिसते. स्टुडिओत आरसा, कंगवा आणि पावडरचा डबा का असायचा, याचं एक उत्तर इथं आहे. गोरं दिसण्याची हौस होतीच, ती नाकारायचं कारण नाही. पण काच जो काळेपणा वाढवायची, त्याच्यावरचा तो कामचलाऊ इलाजही होता.

मग सुधारणा झाली नाही का? झाली. बर्लिनच्या हेर्मान फोगेल यानं १८७३ मध्ये दाखवलं की थरात ठरावीक रंगद्रव्य मिसळलं तर प्लेटला इतर रंगही दिसू लागतात. त्यातून हिरवा दिसणाऱ्या प्लेट आल्या, त्यांना ऑर्थोक्रोमॅटिक म्हणत. लाल धरून सगळे रंग दिसणारी पॅनक्रोमॅटिक प्लेट बाजारात आली १९०६ मध्ये. पण बाजारात येणं वेगळं आणि गावात वापरलं जाणं वेगळं. पॅनक्रोमॅटिक प्लेट पूर्ण अंधारात धुवावी लागते. ऑर्थो प्लेट लाल दिव्यात, डोळ्यांनी बघत बघत धुता येते. स्वस्तात काम करणारा फोटोग्राफर सोयीचं ते धरून राहतो. त्यामुळं फोटो १९०६ नंतरचा आहे म्हणून त्यातलं कुंकू खरं बोलत असेल, असं समजू नका.

फोकस कुणावर होता?

आता दुसरी गोष्ट, फोकस. रंगानं कपाळ फसवलं. मग आपण म्हणू, हात बघा. हिरव्या बांगड्या आहेत का बघा, म्हणजे कळेल. बरोबर आहे, पण तिथं भिंग आडवं येतं.

व्हिएन्नाच्या जोसेफ पेट्झवाल यानं १८४० मध्ये खास माणसांच्या फोटोसाठी भिंग तयार केलं. आधीच्या भिंगांतून इतका थोडा उजेड यायचा की माणसाला मिनिटभर आणि त्याहूनही जास्त वेळ स्थिर बसावं लागे. पेट्झवालच्या भिंगातून कितीतरी पट जास्त उजेड येऊ लागला आणि वेळ सेकंदांवर आला. चेहऱ्याची फोटोग्राफी हा धंदा झाला तो या भिंगामुळं. पण भिंगाचं तोंड मोठं केलं की फोकसची खोली कमी होते, हा प्रकाशाचा नियम आहे. डोळे स्पष्ट असले तर कान मऊ पडतात आणि कानामागचा पडदा विरघळतो. शिवाय त्या भिंगात मधला भाग धारदार आणि कडा पुसट, असा स्वभावच होता.

फोटोग्राफर काळ्या कापडाखाली डोकं घालून दुधी काचेवर उलटी प्रतिमा बघायचा आणि फोकस धरायचा डोळ्यांवर. खुर्चीत बसलेल्या बाईचे हात कुठं असतात? गुडघ्यांवर. म्हणजे डोळ्यांपेक्षा हातभर पुढं, कॅमेऱ्याच्या जवळ. डोळे फोकसमध्ये, हात फोकसच्या बाहेर. बांगड्या आहेत की पाटल्या, काचेच्या आहेत की सोन्याच्या, हे कळायच्या जागीच धुकं असतं. त्यात हात जरा हलला तर संपलंच. म्हणून आम्ही म्हणतो, जुन्या फोटोत कपाळ रंगानं फसवतं आणि हात फोकसनं फसवतात.

आता अख्ख्या कुटुंबाचा फोटो घ्या. जुन्या ग्रुप फोटोत खुर्च्या सरळ रेषेत नसतात, दोन्ही टोकांना जरा पुढं ओढलेल्या असतात, कमानीसारख्या. अशा भिंगाचा फोकस सपाट पडत नाही, वाटीसारखा वळतो. टोकाची माणसं पुढं घेतली तरच ती त्या वळणात बसतात. म्हणजे जी बैठक आपल्याला दरबारी थाट वाटते, तिच्यात निम्मा थाट आहे आणि निम्मं भिंगाचं गणित.

पण गणित सगळ्यांना सारखं न्याय देत नाही. मधोमध कोण बसणार? घरातला कर्ता पुरुष. त्याच्या शेजारी थोरला मुलगा. कडेला धाकटी सून, मागं विधवा आत्या, पुढं जमिनीवर पोरं. धारदार भाग मधला, तो आजोबांना मिळाला. पुसट कडा सुनेला मिळाली. पोरं हलली, म्हणून त्यांचे चेहरे वाहून गेले. भिंगानं घरातली उतरंड ठरवली नाही, ती आधीचीच होती. पण भिंगानं ती कायमची केली. शंभर वर्षांनी आपण म्हणतो, “ही कडेची कोण, कळत नाही.” ती कळत नाही याला काळ जसा कारण आहे, तशी ती बसवलेली जागाही कारण आहे.

हेच सरकारी फोटोंत मोठ्या प्रमाणावर दिसतं. १८९९-१९०० च्या दुष्काळात दीनदयाळ यांच्या स्टुडिओनं औरंगाबाद भागातल्या मदतकामांचे फोटो काढले. छप्पनचा दुष्काळ म्हणतात तो हाच काळ, विक्रम संवत १९५६. जनानखान्यातल्या बेगमेचा फोटो आणि मदतकामावरच्या गर्दीचा फोटो एकाच स्टुडिओतून निघतो, हे लक्षात घ्या. बेगमेसाठी भिंगाचं तोंड उघडं, फोकस एका चेहऱ्यावर, बाकी सगळं मऊ. मदतकामासाठी तोंड बारीक केलेलं, जवळचं-लांबचं सगळं स्पष्ट, कारण तिथं दाखवायची आहे व्यवस्था. त्यात माणसं असतात शेकड्यांनी, पण एकाचाही फोटो नसतो. फोकस सगळ्यांवर असला की तो कुणावरच नसतो. मराठवाड्यातल्या भुकेल्या माणसाचा फोटो असा आला, हिशोबाच्या पानासारखा.

त्याच्या कितीतरी आधी इंग्लंडमध्ये फोकस हा जाणून घेतलेला निर्णय असू शकतो, हे एका बाईनं दाखवून दिलं होतं. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन, जन्म कलकत्त्याचा. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तिच्या हातात कॅमेरा आला आणि तिनं मुद्दाम मऊ, किंचित हललेले चेहरे काढले. तेव्हाच्या जाणकारांनी तिला फोकस येत नाही म्हणून हिणवलं. आज तिचे तेच फोटो संग्रहालयांत आहेत. मुद्दा काय, तर धूसरपणा ही नेहमी चूक नसते. कुणी ठरवून केला आणि कुणाच्या वाट्याला आला, हे विचारावं लागतं.

रंग भरणारे हात

आता कुणी म्हणेल, त्या काळी लोकांना हे कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं. म्हणून तर भारतात फोटो रंगवण्याची मोठी परंपरा उभी राहिली. युरोपातही फोटो रंगवत, पण तिथं पारदर्शक रंगाचा हलका हात असायचा, खालचा फोटो दिसत राहायचा. आपल्याकडं संस्थानांच्या चित्रकारांनी फोटोवर सरळ जाड, अपारदर्शक रंग चढवला. अंगरखा, दागिने, गालिचा, मागची कमान, सगळं रंगवून काढलं. कित्येकदा मूळ फोटो उरतो तो फक्त चेहऱ्यापुरता.

आणि गंमत बघा. चित्रकारानं रंग भरला की फोकसचा फरक संपतो. भिंगानं पुसट केलेला गालिचा तो वेल-बुट्टीसकट काढतो. मागचा पडदा आणि पुढचा हात सारखेच ठसठशीत होतात. ज्युडिथ मारा गटमन या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९८२ मध्ये ‘थ्रू इंडियन आइज’ या पुस्तकात असं मांडलं की यामागं भारतीय माणसाची बघण्याची वेगळी रीत आहे. पुष्कळ अभ्यासकांना हे पटलं नाही. ते म्हणाले, सगळ्या भारतीयांची एकच दृष्टी कशी असेल? आम्हालाही तो निष्कर्ष फार मोठा वाटतो. पण एक साधी गोष्ट खरी आहे. फोटो काढून घेणाऱ्याला आपला शेला, आपला दागिना, आपला रंग हवा होता. यंत्रानं घेतला तो ब्रशनं परत मिळवला. रंगवलेला फोटो हा खोटा फोटो नाही. ती दुरुस्तीची मागणी आहे.

या मागणीचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर रोज असतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आपल्याला माहीत असलेले बहुतेक फोटो कृष्णधवल आहेत. तरी डोळे मिटले की सूट निळाच दिसतो. अमुक फोटोतला सूट प्रत्यक्षात कोणत्या रंगाचा होता, हे तो कृष्णधवल फोटो सांगत नाही. निळा लोकांनी भरला. १९४२ मध्ये स्थापन झालेल्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या झेंड्याचा तो रंग. कॅलेंडरवाल्यांनी, पुतळे रंगवणाऱ्यांनी आणि घराघरांतल्या माणसांनी तो रंग त्या तसबिरीला दिला. ज्या मराठवाड्यानं १९७८ पासून १९९४ पर्यंत नामांतराचा लढा पाहिला, त्यात जळालेल्या वस्त्या पाहिल्या, तिथं हा निळा म्हणजे सजावट नाही. इथं रंग हा लोकांचा स्वतःचा निर्णय आहे.

ॲपचा रंग आणि हा रंग यांत फरक काय? हाच. एक रंग अंदाजानं पडतो, दुसरा कुणीतरी जाणून, जबाबदारीनं भरतो.

रंगीत फोटो तरी खरा का?

मग आला रंगीत रोल. कोडाक्रोम १९३५ चा, पण आपल्याकडच्या लहान गावांत रंगीत फोटो सर्रास झाला तो १९८० नंतर. तोवर राज्य कृष्णधवलचंच. उटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी होती, तिची ‘इंदू’ फिल्म जुन्या फोटोग्राफरांना आठवत असेल.

रंगीत आला म्हणजे प्रश्न सुटला असं वाटलं. पण रंगीत प्रिंट काढताना मशिनला सांगावं लागतं की योग्य रंग कोणता. त्यासाठी कोडॅक कंपनी लॅबना एक नमुना फोटो पाठवायची. त्यावर एक गोरी बाई असायची. शर्ली नावाच्या पहिल्या मॉडेलवरून त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. त्या बाईचा चेहरा बरोबर आला म्हणजे मशिन बरोबर लागलं. मग सावळ्या माणसाचा चेहरा कसा येणार? एक तर मातकट, नाहीतर डोळे-दात तेवढे दिसणारा. कोडॅकमधल्या माणसांनी पुढं अभ्यासकांना सांगितलं की तपकिरी छटा सुधारण्याचा दबाव आला तो चॉकलेट आणि लाकडी फर्निचरच्या जाहिरातदारांकडून. वेगवेगळ्या वर्णाची माणसं असलेलं कार्ड आलं ते १९९० च्या दशकात. म्हणजे ज्या काळात आपल्याकडं लग्नासाठी मुलींचे रंगीत फोटो पाठवायला सुरुवात झाली, त्या काळात त्या मुलीच्या वर्णाचा निकाल असं मशिन देत होतं. आणि वर फोटोग्राफरला सांगितलं जायचं, “जरा गोरं करून द्या.” निगेटिव्हवर पेन्सिलीनं टचिंग करून चेहरा उजळ करण्याची जुनी कला होतीच, ती तिथं कामाला आली. त्या फोटोंवरून किती नकार आले असतील, याची नोंद कुठं नाही.

शिवाय रंगीत फोटो टिकतही नाही. कृष्णधवल फोटोत चांदी असते, ती नीट ठेवली तर शंभर वर्षं जाते. रंगीत प्रिंटमध्ये रंगद्रव्यं असतात आणि ती सारख्या वेगानं उतरत नाहीत. पेटीत ठेवलेले १९७०-८० मधले कितीतरी प्रिंट लालसर झालेले दिसतात, कारण त्यातला निळसर रंग आधी उतरतो. तेव्हा आईचा शालू फोटोत तांबडा दिसतोय म्हणून तो तांबडाच होता, असं नाही.

आणि आता मोबाइल. पोर्ट्रेट मोड लावला की मागचं धूसर होतं. हे भिंगाचं धूसर नव्हे, हिशोबानं केलेलं आहे. माणूस कुठं संपतो हे सॉफ्टवेअर ठरवतं आणि उरलेलं पुसतं. म्हणून फेट्याचा तुरा अर्धा गायब होतो, पदराची कड विरते. वर्णाचं म्हणाल तर २०२१ मध्ये गूगलनं आपल्या फोनमध्ये वेगवेगळ्या वर्णांचे चेहरे नीट यावेत म्हणून खास दुरुस्ती केल्याचं जाहीर केलं. १८५० च्या काचेपासून सुरू झालेली अडचण २०२१ मध्येही दुरुस्त करावी लागतेय, हा सगळा इतिहास एका वाक्यात सांगायचा तर असा आहे.

मग करायचं काय?

शेवटी थोडं कामाचं बोलू. घरचा जुना फोटो हातात घेतला की आम्ही सुचवतो तो क्रम असा.

पहिलं, लुगड्याच्या छटेवरून रंग ठरवू नका. पांढरं दिसतंय ते निळं असू शकतं, काळं दिसतंय ते लाल, हिरवं किंवा पिवळं असू शकतं. दुसरं, कपाळावर कुंकू दिसत नाही म्हणून निष्कर्ष काढू नका. गळ्यात बघा. मंगळसूत्राचे काळे मणी प्रत्येक प्लेटवर काळेच येतात आणि गळा डोळ्यांच्या जवळ असल्यानं बहुतेक वेळा फोकसमध्ये असतो. तिसरं, कडेच्या पुसट माणसांपासून सुरुवात करा. मधल्या आजोबांचं नाव सगळ्यांना माहीत असतं. कडेची कोण, हे सांगणारी घरात एखादीच आत्या, एखादीच आजी उरलेली असते. तिला आजच विचारा आणि लुगड्याचा रंगही विचारा. तिला तो आठवत असतो, नेसणाऱ्या बाईइतकाच आठवत असतो. चौथं, जे कळेल ते फोटोमागं मऊ पेन्सिलीनं लिहा, नाव, नातं, गाव, अंदाजे साल. बॉलपेन नको, त्याचा दाब पुढं उमटतो. आणि पाचवं, रंगीत करायचा तर खुशाल करा, पण आजी सांगेल ते रंग भरा, खाली ‘नंतर रंगवलेला’ असं लिहा आणि मूळ फोटो टाकू नका.

मूळ फोटो टाकू नका, हे आम्ही लातूर-नांदेडच्या श्रोत्यांना जरा जास्त आग्रहानं सांगतो. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट इथल्या पन्नाशीतल्या माणसांना सांगावी लागत नाही. किल्लारी आणि आसपासच्या गावांत दगडमातीच्या जाड भिंती कोसळल्या, हजारो माणसं गेली. त्या भिंतींवर फोटोही होते. ज्यांचं घर गेलं त्यांच्यासाठी दुसऱ्या गावच्या मावशीकडं राहिलेला एखादा लग्नाचा ग्रुप फोटो ही किती मोठी गोष्ट असेल, विचार करा. अशा फोटोत आपला माणूस कुठं असतो? पाहुणा म्हणून आलेला, म्हणजे बहुधा कडेला. जरासा पुसट, कुंकू न दिसणारा. ॲपनं तो चेहरा ‘सुधारला’ तर डोळे स्पष्ट होतील, त्वचा गुळगुळीत होईल, पण ते डोळे कुणाचे असतील? हजारो अनोळखी चेहऱ्यांच्या सरासरीचे. पुसट का होईना, काचेवर पडलेला उजेड त्या माणसाच्याच अंगावरून आला होता.

इथं थांबतो. घरचे फोटो बरोबर आणले असतील त्यांनी पुढं यावं, आपण मिळून बघू.